घरच्या कॉम्प्युटरवर वेबसाइट उघडत नाहीये? फॉरमॅट मारायच्या आधी हे क्रमाने करून बघा

वायफायचं चिन्ह भरलेलं दिसतंय, मोबाइलवर व्हॉट्सअ‍ॅप येतंय, आणि कॉम्प्युटरवर साइट मात्र उघडत नाही. गोल गोल फिरत राहतं आणि शेवटी पांढऱ्या पानावर काहीतरी इंग्रजीत येतं. सातबारा काढायचा असतो, वीजबिल भरायचं असतं, पोरीचा अ‍ॅडमिशनचा फॉर्म असतो, आणि बऱ्याचदा शेवटची तारीख पण तीच असते, मग घरातले सगळे दिसेल ते बटण दाबायला लागतात. कोणी राउटर रीसेट करतं, कोणी ब्राउझर उडवून परत टाकतं, आणि संध्याकाळी दुकानवाला सांगतो की विंडोज गेलंय, फॉरमॅट मारावं लागेल.

मी घरचे, माहेरचे आणि सोसायटीतल्या लोकांचे कॉम्प्युटर बरीच वर्षं बघत आलेय, आणि सरळ सांगते, साइट उघडत नाही म्हणून फॉरमॅट मारायची गरज जवळपास कधीच नसते. साइट न उघडण्याच्या जागा पाचच. साइट स्वतः, तुमचा ब्राउझर, तुमचा कॉम्प्युटर, घरातला राउटर आणि कंपनीची लाइन. यातली नेमकी कुठली जागा अडलीये ते आधी शोधायचं आणि मगच हात लावायचा. उलटं केलं की एका बिघाडाचे तीन होतात आणि मग मूळचा कुठला होता तेच सापडत नाही.

हाताशी काय काय ठेवायचं

- मोबाइल, ज्यात डेटा पॅक चालू आहे. सगळ्यात महत्त्वाचं हत्यार हेच.
- लॅन केबल, दोन मीटरची असली तरी चालेल.
- राउटरच्या खाली चिकटवलेल्या स्टिकरचा फोटो. त्यावर वायफायचं नाव, पासवर्ड आणि राउटरच्या लॉगिनचा पत्ता असतो.
- नेट कंपनीचं शेवटचं बिल किंवा रिचार्जचा मेसेज. त्यात ग्राहक क्रमांक आणि प्लॅन संपायची तारीख मिळते.
- पीपीपीओईचं, म्हणजे राउटर कंपनीकडे लॉगिन करतो त्याचं, युजरनेम आणि पासवर्ड, तुमच्या कनेक्शनला असेल तर. केबलवाल्याकडून नेट घेतलंय त्यांना बहुतेक असतंच. आज सगळं सुरळीत चालू असताना त्याला फोन करून मागून घ्या आणि वहीत लिहून ठेवा, याचं कारण पुढे येतंय.
- वही-पेन. काय बदललं ते लिहायचं, म्हणजे परत पूर्वीसारखं करता येतं.

आणि एक नियम, एका वेळी एकच गोष्ट बदला. बदल केला, साइट उघडून बघितली, फरक नाही पडला तर बदल मागे घेतला आणि मगच पुढची पायरी.

१) कशालाही हात न लावता चार प्रश्न

पहिला प्रश्न, एकच साइट उघडत नाहीये की सगळ्याच? तीन वेगवेगळ्या साइट उघडून बघा, एखादी बातम्यांची, एखादी बँकेची, एखादी सरकारी. दुसरा, तीच साइट त्याच कॉम्प्युटरवर दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडते का? क्रोम वापरत असाल तर एज किंवा फायरफॉक्समध्ये बघा. तिसरा, त्याच वायफायवर मोबाइलवर उघडते का? आणि चौथा, मोबाइलचं वायफाय बंद करून डेटावर उघडते का?

या चार उत्तरांत निम्म्याहून जास्त काम होतं. मोबाइल डेटावर पण उघडत नसेल तर बहुतेक साइटच बंद आहे, तुम्ही काही करू नका, तासाभराने बघा. डेटावर उघडते पण घरच्या वायफायवर कशावरच उघडत नाही, म्हणजे राउटर किंवा लाइन. वायफायवर मोबाइलमध्ये उघडते पण कॉम्प्युटरवर नाही, म्हणजे कॉम्प्युटर. आणि क्रोममध्ये नाही पण एजमध्ये उघडते, तर फक्त ब्राउझर, बाकी सगळं शाबूत आहे.

इथे एक जागा फसवी आहे. मोबाइलवर वायफाय चालू ठेवून "माझ्या मोबाइलवर तर उघडतंय" असं लोक म्हणतात, पण वायफायला नेट नसलं की बरेच फोन आपोआप डेटावर जातात आणि आपल्याला कळत पण नाही. म्हणून तिसरा प्रश्न तपासताना डेटा बंद करायचा आणि चौथा तपासताना वायफाय बंद करायचं, दोन्ही एकदम चालू ठेवून काढलेला निष्कर्ष धरू नका.

२) पानावर काय लिहिलंय ते वाचा

ते इंग्रजी पान बघून लोक लगेच बंद करतात. बंद करू नका, फोटो काढा. कारण तिथेच लिहिलेलं असतं.

पानावर ४०४ दिसतंय म्हणजे तुम्ही साइटपर्यंत व्यवस्थित पोचलात, फक्त ते पान तिथे नाही. सहसा जुना बुकमार्क असतो. सरकारी खाती साइट नवीन करतात तेव्हा आतल्या लिंका बदलतात, त्यामुळे बुकमार्क सोडा आणि मुख्य पानावरून आत शिरा.

५०२, ५०३, ५०४ असं काही असेल तर गडबड त्यांच्या सर्व्हरकडे आहे, बहुतेक वेळा गर्दीने. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता सगळा महाराष्ट्र एकाच वेळी तेच पान उघडतो, तेव्हा हेच होतं. अशा वेळी सारखं रिफ्रेश केल्याने फायदा होत नाही, गर्दी वाढते. निकाल वेगवेगळ्या अधिकृत साइटवर लावतात आणि डिजिलॉकरवर पण येतो, तिथे बघा.

"डीएनएस प्रोब फिनिश्ड एनएक्सडोमेन" असं आलं तर साइटच्या नावाचा पत्ता सापडला नाही. आधी स्पेलिंग बघा, मग सातवी पायरी. "टाइम्ड आऊट" म्हणजे हाक मारली पण ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही. "युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट" आलं तर पाचवी पायरी. "प्रॉक्सी" हा शब्द दिसला तर थेट सहावीवर जा.

आणि कधी कधी पानावर स्पष्ट लिहिलेलं असतं की दूरसंचार विभागाच्या किंवा कोर्टाच्या आदेशाने ही साइट ब्लॉक केलीये. तिथे तुमच्या कॉम्प्युटरमध्ये काहीच बिघाड नाही, वेळ घालवू नका.

३) राउटरचे दिवे आणि रीस्टार्ट

घरात कशावरच काही उघडत नसेल तर राउटरसमोर उभे राहा. फायबरच्या डब्यावर साधारण चार दिवे कामाचे असतात, पॉवर, पॉन (फायबरची लाइन जोडलेली आहे का ते दाखवतो), लॉस आणि इंटरनेट. लॉसचा दिवा लाल लुकलुकत असेल तर फायबरमधून उजेडच येत नाहीये, म्हणजे केबल कुठेतरी तुटलीये किंवा पिन निघालीये. पिवळी किंवा पांढरी बारीक फायबर वायर फार वाकली आहे का, कपाटाखाली दबली आहे का, उंदराने कुरतडली आहे का ते बघा. पिन मात्र उपसून पुसत बसू नका, टोकाला धूळ लागली की अजून बिघडतं. लाल लॉस दिसला की बाकीच्या सगळ्या पायऱ्या सोडा आणि कंपनीला फोन करा, घरून काही होणार नाही.

पॉन हिरवा स्थिर आहे पण इंटरनेटचा दिवा बंद किंवा लाल आहे, तर लाइन ठीक आहे आणि लॉगिन होत नाहीये. सगळ्यात पहिलं कारण, प्लॅन संपलाय. हसू नका, हे खूप वेळा असतं, कारण प्लॅन संपल्यावर वायफाय चालूच राहतं, चिन्ह भरलेलं दिसतं, फक्त बाहेर काही जात नाही.

आता रीस्टार्ट. राउटरचं बटण बंद करा, अडॅप्टर सॉकेटमधून काढा, मिनिटभर थांबा, परत लावा आणि सगळे दिवे स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटं काहीच करू नका. पावसाळ्यात लाइट सारखी जाते-येते त्या दिवसांत राउटर अर्धवट अडकून बसतो, तेव्हा एवढ्यानेच चालू होतं.

आणि आता तो सापळा, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. राउटरच्या मागे एक बारीक भोक असतं, त्यात टाचणी घालून दाबायचं बटण असतं, त्यावर रीसेट लिहिलेलं असतं. रीस्टार्ट आणि रीसेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रीसेट दाबून धरलं की राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो, वायफायचं नाव जातं, पासवर्ड जातो आणि पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड पण पुसलं जातं. मग कंपनीची लाइन ठणठणीत असली तरी तुमचं नेट चालू होणार नाही, आणि केबलवाला रविवारी फोन उचलत नाही. म्हणून ते वहीत लिहून ठेवा म्हटलं. टाचणी लांब ठेवा, विशेषतः मुलांपासून.

लाइन बरोबर आहे पण वायफायचा संशय आहे, तर लॅन केबलने कॉम्प्युटर सरळ राउटरला जोडा. केबलवर सगळं उघडलं तर गडबड वायफायची आहे, मग कॉम्प्युटर राउटरच्या जवळ नेऊन बघा. पाच गिगाहर्ट्झचं वायफाय जोरात चालतं पण भिंती ओलांडताना लवकर दमतं, आतल्या खोलीत दोन पॉइंट चारवालं घ्या.

४) ब्राउझर

एका ब्राउझरमध्येच अडत असेल तर पहिल्यांदा कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबून इन्कॉग्निटो खिडकी उघडा आणि तिथे साइट टाकून बघा. फायरफॉक्समध्ये एनच्या जागी पी. इथे उघडली तर दोनच शक्यता, एकतर त्या साइटचा जुना कॅशे-कुकी (ब्राउझरने साठवून ठेवलेली माहिती) अडकलाय किंवा एखादं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर) आडवं येतंय, कारण इन्कॉग्निटोमध्ये एक्स्टेन्शन सहसा बंद असतात.

कुकी काढायच्या तर फक्त त्या साइटच्या काढा. पत्त्याच्या डाव्या बाजूला जे छोटं चिन्ह असतं त्यावर क्लिक करून साइटचा डेटा काढता येतो. लोक कंट्रोल, शिफ्ट, डिलीट दाबून ऑल टाइम निवडतात, सगळ्या खुणा लावून मोकळे होतात, त्यात सेव्ह केलेले पासवर्ड पण असतात आणि मग बाबांच्या पेन्शनच्या साइटचा पासवर्ड कोणालाच आठवत नाही. ती यादी उघडलीत तर पासवर्डच्या पुढची खूण काढलेली आहे ना हे दोनदा बघा.

एक्स्टेन्शन एकेक करून बंद करा. अ‍ॅड ब्लॉकर बऱ्याचदा सरकारी आणि बँकेच्या साइटवरची बटणं पण गिळतो, पान उघडतं पण "सबमिट" दाबलं की काहीच होत नाही. तसंच पॉपअप ब्लॉक असेल तर पावती किंवा पेमेंटची खिडकी उघडत नाही, तेव्हा पत्त्याच्या पट्टीत उजव्या कडेला बारीक चिन्ह येतं ते बघत जा.

पैसे भरताना पान अडकलं तर रिफ्रेश मारू नका आणि मागेही जाऊ नका. आधी बँकेचा मेसेज आणि खात्यातली रक्कम बघा. पैसे कापले गेले असतील तर परत भरायची घाई करू नका, व्यवहार क्रमांक लिहून ठेवा.

५) तारीख आणि वेळ

ही पायरी छोटी वाटते, पण जुना डेस्कटॉप असेल तर मी सगळ्यात आधी हीच बघते. "युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट" असं लाल पान येतं, लोक घाबरतात, व्हायरस आला म्हणतात. प्रत्यक्षात असं असतं की प्रत्येक सुरक्षित साइटकडे एक सर्टिफिकेट असतं आणि त्यावर या तारखेपासून या तारखेपर्यंत असं लिहिलेलं असतं. तुमच्या कॉम्प्युटरचं घड्याळ मागे गेलं असेल तर ब्राउझरच्या हिशेबाने ते सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही, मग तो साइटला आत येऊ देत नाही.

शेजारच्या काकूंच्या मुलाचा शिष्यवृत्तीचा फॉर्म असाच अडला होता. उन्हाळ्यात दिवसभर लाइट नव्हती, संध्याकाळी कॉम्प्युटर चालू केला तर बँक नाही, मेल नाही, फॉर्मची साइट नाही, सगळीकडे लाल पान. घरात इंजिनिअरिंगचा पोरगा, त्याने दोन ब्राउझर काढून परत टाकलेले. खाली उजव्या कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २००९. तारीख बरोबर केली आणि सगळ्या साइट उघडल्या.

विंडोज १० आणि ११ मध्ये सेटिंग्ज, मग टाइम अँड लँग्वेज, मग डेट अँड टाइम. वेळ आपोआप घेण्याचं बटण चालू करा, टाइम झोनमध्ये चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली असं लिहिलेलं पाच तास तीस मिनिटांचं निवडा आणि "सिंक नाऊ" दाबा. परदेशातून आणलेला लॅपटॉप असेल तर टाइम झोन हमखास चुकीचा असतो, घड्याळात वेळ बरोबर दिसते कारण कोणीतरी हाताने बदललेली असते.

कॉम्प्युटर बंद केला की तारीख परत मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय. रुपयाच्या नाण्याएवढा गोल सेल असतो, सीआर२०३२ नावाचा, तीन व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. कॉम्प्युटरची मेन वायर काढून कॅबिनेट उघडायचं, जुना सेल कुठली बाजू वर ठेवून बसवलाय ते बघायचं, तसाच नवीन बसवायचा. एवढ्यासाठी कोणी विंडोज टाकायला सांगत असेल तर सरळ नाही म्हणा.

तारीख बरोबर असूनही लाल पान येत असेल, आणि फक्त एकाच साइटवर येत असेल, तर त्यांचंच सर्टिफिकेट संपलेलं असू शकतं. तिथे "अ‍ॅडव्हान्स्ड" मध्ये जाऊन तरीही पुढे जा असा पर्याय असतो. माहिती वाचायची असेल तर ठीक, पण पासवर्ड, आधार नंबर किंवा कार्डाचा नंबर टाकायचा असेल तर अजिबात पुढे जाऊ नका.

६) प्रॉक्सी, व्हीपीएन आणि अँटिव्हायरस

मोबाइलवर उघडतं, कॉम्प्युटरवर कुठल्याच ब्राउझरमध्ये नाही, तारीख बरोबर आहे, तर सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, प्रॉक्सी इथे जा. मॅन्युअल प्रॉक्सीच्या खालचं "यूज अ प्रॉक्सी सर्व्हर" बंद असायला हवं. प्रॉक्सी म्हणजे नेट ज्याच्यातून वळवून जातं असा मधला सर्व्हर, घरच्या कनेक्शनला तो लागत नाही. तिथे काहीतरी आकडे भरलेले असतील आणि ते तुम्ही भरले नसतील, तर कुठलं तरी फुकट सॉफ्टवेअर किंवा व्हायरस ते टाकून गेलाय, ते बंद करा आणि मग पूर्ण स्कॅन लावा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर मात्र हात लावू नका, तिथे ते मुद्दाम टाकलेलं असतं, ऑफिसच्या आयटीवाल्यांना विचारा.

व्हीपीएन (तुमचं नेट दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरमधून नेणारं अ‍ॅप) चालू असेल तर बंद करून बघा. आपल्याकडच्या बऱ्याच सरकारी साइट भारताबाहेरच्या पत्त्यावरून उघडतच नाहीत, आणि व्हीपीएनमुळे तुम्ही नाशिकमध्ये बसून सिंगापूरमधून आल्यासारखे दिसता. याच कारणाने दुबईत किंवा अमेरिकेत असलेल्या आपल्या लोकांना गावची जमीन बघायची साइट उघडत नाही. त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्त करत बसू नये, घरच्या कोणाला तरी इथून काढून पीडीएफ पाठवायला सांगावं. उगाच कुठल्या तरी फुकट व्हीपीएनमधून लॉगिन करण्यापेक्षा हे किती तरी बरं.

अँटिव्हायरस पण साइट अडवतो. वेब प्रोटेक्शन किंवा वेब शील्ड अशा नावाचा भाग दहा मिनिटांसाठी बंद करून बघा, आणि तपासून झालं की लगेच चालू करा. एका कॉम्प्युटरवर दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढून टाका, ते एकमेकांच्या पायात येतात.

७) पिंग आणि डीएनएस

आता थोडं टाइप करायचं आहे, घाबरू नका, यात काही बिघडत नाही. विंडोजची की आणि आर एकदम दाबा, छोटी खिडकी येईल, त्यात सीएमडी लिहून एंटर. काळी खिडकी उघडेल. सगळं इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायचं.

आधी पिंग (ping, त्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का ते बघणारी कमांड) लिहा, एक स्पेस द्या आणि ८.८.८.८ लिहून एंटर मारा. हा गूगलच्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता आहे. चार ओळी येतील. प्रत्येक ओळीत "रिप्लाय फ्रॉम" आणि शेवटी टाइममध्ये काही मिलिसेकंद दिसले, तर तुमचं नेट बाहेरपर्यंत पोचतंय, राउटर आणि लाइन दोन्ही ठीक आहेत. चारही ओळींत "रिक्वेस्ट टाइम्ड आऊट" आलं तर बाहेर काहीच जात नाहीये, परत तिसऱ्या पायरीवर जा. दोन आल्या दोन गेल्या असं असेल तर लाइन कच्ची आहे किंवा वायफाय कमजोर आहे, केबल लावून परत बघा.

मग पिंग, स्पेस आणि एखाद्या मोठ्या साइटचं नाव, समजा गूगल डॉट कॉम. आकड्याला उत्तर येतंय आणि नावाला "कुड नॉट फाइंड होस्ट" येतंय, तर डीएनएसची गडबड आहे, हे पक्कं. कॉम्प्युटरला साइट नावाने कळत नाही, आकड्यांच्या पत्त्याने कळते, आणि नावावरून आकडा काढून द्यायचं काम डीएनएस करतो. हा सर्व्हर सहसा तुमच्या नेट कंपनीचा असतो आणि छोट्या कंपन्यांचा तो अधूनमधून झोपतो. बाकी सगळं चालू असतं, व्हॉट्सअ‍ॅप बऱ्याचदा चालू राहतं, साइट मात्र एक उघडत नाही. पण ज्या साइटचा संशय आहे तिलाच पिंग करून निर्णय घेऊ नका, काही साइट मुद्दाम पिंगला उत्तर देत नाहीत.

पहिला उपाय, त्याच काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग, स्पेस, स्लॅश आणि जोडून फ्लशडीएनएस (ipconfig /flushdns). जुने साठवलेले पत्ते पुसले जातात. साइटवाल्यांनी सर्व्हर बदललाय आणि तुमच्याकडे जुनाच पत्ता आहे अशा वेळी एवढ्याने होतं.

नाही झालं तर डीएनएस बदला. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, हार्डवेअर प्रॉपर्टीज, तिथे डीएनएस सर्व्हर असाइनमेंटच्या पुढे एडिट. मॅन्युअल करा, आयपीव्ही४ चालू करा, पहिल्या खणात ८.८.८.८ आणि दुसऱ्यात ८.८.४.४ टाका. किंवा क्लाउडफ्लेअरचे १.१.१.१ आणि १.०.०.१, दोन्ही फुकट आहेत. गूगलचा २००९ पासून चालू आहे, क्लाउडफ्लेअरचा २०१८ पासून. आधी तिथे काय होतं ते वहीत लिहा.

फक्त क्रोममध्येच अडत असेल तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, सिक्युरिटी, "यूज सिक्युअर डीएनएस" हे पण बघून घ्या, तिथे क्रोम स्वतःचा वेगळा डीएनएस वापरत बसलेला असू शकतो.

आणि काळ्या खिडकीत नुसतं आयपीकॉन्फिग लिहिल्यावर तुमचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने कॉम्प्युटरला पत्ताच दिलेला नाही. वायफाय फर्गेट करून परत जोडा, नाहीतर राउटर रीस्टार्ट. घरी सहसा हा पत्ता १९२.१६८ ने सुरू होतो.

८) काही साइट चालतात, काही अर्ध्यावर लटकतात

हा प्रकार माणसाला वेड लावतो. यूट्यूब मस्त चालतं, बँकेची साइट मात्र लॉगिनपर्यंत येऊन फिरत राहते, आणि मोबाइल डेटावर तीच साइट झटकन उघडते. कंपनीला फोन केला तर ते स्पीड टेस्ट करायला लावतात, स्पीड पूर्ण येतो, तक्रार बंद.

पीपीपीओई कनेक्शन असेल तर एमटीयू बघा, म्हणजे एका वेळी जाणाऱ्या पाकिटाची कमाल मर्यादा. नेटवरून माहिती पाकिटांतून जाते, साधं पाकीट जास्तीत जास्त १५०० बाइटचं असतं, पीपीपीओई त्यातले ८ बाइट स्वतःसाठी घेतो म्हणून उरतात १४९२. राउटरमध्ये १५०० असंच राहिलं असेल तर मोठी पाकिटं वाटेत अडकतात, छोटी जातात, म्हणून पान अर्धं येतं. तपासायचं असं, पिंग, स्पेस, डॅश एफ, स्पेस, डॅश एल, स्पेस, १४६४, स्पेस, १.१.१.१. हे १४६४ म्हणजे १४९२ मधून हेडरचे (पाकिटावरच्या पत्त्याच्या माहितीचे) २८ वजा केलेले. उत्तर आलं तर १४९२ चालतंय. "नीड्स टू बी फ्रॅगमेंटेड" आलं किंवा काहीच आलं नाही तर आकडा दहा-दहाने कमी करत जा, जिथे उत्तर येईल त्यात २८ मिळवा आणि तो आकडा राउटरच्या वॅन (बाहेरच्या लाइनच्या) सेटिंगमध्ये एमटीयूच्या खणात टाका. राउटरचा पत्ता स्टिकरवर असतो, सहसा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तिथे बाकी कशालाही हात लावू नका. जमत नसेल तर कंपनीच्या माणसाला "एमटीयू तपासा" एवढं सांगा, जाणकार माणूस असेल तर त्याला लगेच कळतं.

९) जुनं विंडोज

विंडोज ७ अजून खूप घरांत आहे, मला माहीत आहे, आणि कॉम्प्युटर चांगला चालतोय मग का बदलायचा असं वाटतं ते पण पटतं. पण विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला आणि क्रोमची १०९ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती, २०२३ पासून पुढची क्रोम त्यावर बसत नाही. साइटवाले नवीन ब्राउझर धरून साइट बनवतात, मग जुन्यात पान कोरं दिसतं किंवा बटणं चालत नाहीत. त्यात ३० सप्टेंबर २०२१ ला एक फार वापरलं जाणारं मूळ सर्टिफिकेट (ज्याच्या भरवशावर साइटची सर्टिफिकेटं खरी मानली जातात) संपलं, त्यामुळे अपडेट न केलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर चांगल्या साइटवर पण लाल पान येऊ लागलं. तात्पुरता मार्ग म्हणजे फायरफॉक्सची ११५ ईएसआर आवृत्ती, ती विंडोज ७ वर बसते आणि स्वतःची सर्टिफिकेटं स्वतः घेऊन येते. पण बँकेचे व्यवहार त्या कॉम्प्युटरवर करू नका, त्यासाठी मोबाइल वापरा.

इंटरनेट एक्सप्लोररमध्येच चालेल असं एखाद्या जुन्या साइटवर लिहिलेलं असेल तर एजमध्ये आयई मोड आहे, तो लावून बघा.

सगळं करून झालं, तरी कॉम्प्युटरच अडतोय हे नक्की असेल, तेव्हा फॉरमॅटऐवजी नेटवर्क रीसेट. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, नेटवर्क रीसेट. विंडोज १० मध्ये ते स्टेटसच्या पानावर अगदी खाली असतं. यात फाइली जात नाहीत, पण वायफायचे पासवर्ड आणि व्हीपीएनची सेटिंग जाते, म्हणून पासवर्ड हाताशी ठेवूनच करा.

१०) तक्रार करताना

कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधून लावू नका. हे मी अगदी कळकळीने सांगतेय. खोटे नंबर लोकांनी पेरून ठेवलेले असतात, समोरचा गोड बोलतो, एनीडेस्क किंवा तसलंच, तुमची स्क्रीन दुसऱ्याच्या हातात देणारं अ‍ॅप टाकायला सांगतो, "दहा रुपये भरून बघा लाइन चालू होते का" म्हणतो आणि खातं रिकामं होतं. नेट बंद झाल्याने वैतागलेला माणूस यात पटकन सापडतो, आणि वयस्कर माणसं तर फारच. नंबर बिलावरचा किंवा कंपनीच्या अ‍ॅपमधला घ्या. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर "तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा" असं आलं तर तो पण खोटाच, ब्राउझर बंद करा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा, ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे, आणि बँकेला पण लगेच कळवा.

खऱ्या कंपनीला फोन केल्यावर "नेट चालत नाही" एवढंच बोललात तर समोरचा पहिल्यापासून सगळं करायला लावेल. असं सांगा, "लॉसचा दिवा लाल आहे" किंवा "दिवे ठीक आहेत, केबलने जोडलंय, ८.८.८.८ ला पिंग जात नाही, राउटर रीस्टार्ट करून झालाय." किंवा "आकड्याला पिंग जातं, नावाला जात नाही, तुमचा डीएनएस बघा." यावर त्यांना माणूस पाठवायचा की सर्व्हर बघायचा ते लगेच ठरवता येतं. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका आणि तारीख-वेळेसकट वहीत लिहा. तक्रार न सोडवताच बंद केली तर कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, त्याला फी नसते, त्यांचा ईमेल कंपनीच्या साइटवर दिलेला असतो, आणि अपील करताना तो तक्रार क्रमांक लागतोच. तुमचं नेट बंद असेल तेव्हा हा ईमेल शोधायला मोबाइलचा डेटा वापरा आणि पिंगच्या काळ्या खिडकीचा फोटो सोबत जोडा.